हद्दीचा दगड हुडकायचे यंत्र : घ्यावे, पण आधी लोखंड पुरावे



यंदाच्या गट मेळाव्यांतून एक मागणी दोन-तीनदा कानावर आली. "साहेब, जमिनीतलं लोखंड हुडकायचं यंत्र मिळतं म्हणे. कारखान्यानं गटागटाला एकेक घ्यावं, म्हंजे बुजलेले हद्दीचे दगड सापडतील." मागणीमागची तळमळ खरी आहे. परंतु यंत्राला पैसा लागतो आणि तो पैसा सभासदांचा असतो. म्हणून या बाबतीत माझे मत स्पष्ट मांडतो.

आधी या दगडाची किंमत काय ते पाहू. ६६० फूट लांबीच्या बांधावर शेजाऱ्याच्या नांगराने एक फूट कोरले, तर ६६० चौरस फूट रान गेले. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त. एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. त्या हिशेबाने दरसाल सुमारे ६०० किलो ऊस दुसऱ्याच्या गाडीत चढतो. एवढ्यावर भागले तरी पुष्कळ. एका गटात दोन चुलतभावांचा ऊस ऐन हंगामात उभा राहिलेला मी पाहिला आहे. मधल्या चार सऱ्या कोणाच्या, यावर तंटा पेटला आणि टोळीचा मुकादम कोयता लावायला तयार होईना. त्यातला थोरला मला म्हणाला, "सायेब, दगूड हितंच हुता. माझ्या बानं दावला हुता." धाकटाही तेच म्हणत होता, फक्त बोट दुसरीकडे दाखवत होता. ऊस तुटला तेव्हा उन्हाळा लागला होता. वजनात घट दोघांनाही बसली.

हे दगड आले कोठून? इंग्रजी अमलात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीची मोजणी सुरू केली आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटांच्या साखळीने रान मोजायचे आणि हद्दीवर दगड रोवायचे. १९४७ च्या कायद्यान्वये एकत्रीकरण झाले तेथे गट नंबर पडले. बैलाचा नांगर दगडाला वळसा घालून जाई. ट्रॅक्टर आणि जेसीबी आल्यापासून वळसा घालायला कोणाला सवड राहिली नाही. दगड उपटला, गाडला किंवा विहिरीच्या कठड्यात गेला.

आता यंत्राकडे वळू. यंत्र धातू हुडकते आणि आपली खूण आहे दगडाची. मग नुसत्या दगडावर ते वाजणार कसे? जेथे गज, पाइपाचा तुकडा किंवा रुळाचा तुकडा खूण म्हणून पुरला असेल तेथेच त्याचा उपयोग. हे ध्यानात न घेता यंत्र घेतले तर ते ऑफिसच्या कपाटात धूळ खात पडेल.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला हातात मावणारा, कांडीसारखा. तो खिशात बसतो, म्हणून अनेकांना आवडतो. पण त्याची पोच दोन-तीन इंच. खड्डा काढल्यावर नेमकी जागा दाखवायला ठीक, बांधावर फिरवायला कुचकामी. दुसरा काठीच्या टोकाला गोल चकती असलेला. चकती जितकी लहान तितकी खोली कमी. नऊ ते अकरा इंचांची चकती असेल तर फूट-दीड फुटावरची लोखंडी पट्टी सापडू शकते. तिसरा चुंबकीय लोकेटर. त्याच्या कांडीत वर-खाली दोन संवेदक असतात आणि दोन्हीकडच्या चुंबकत्वातला फरक तो आवाजाने सांगतो. उभ्या पुरलेल्या गजाला तो सर्वांत खोलवर पकडतो. पितळ, ॲल्युमिनियमकडे ढुंकूनही पाहत नाही. परदेशांत मोजणीदार हाच वापरतात.

मग तिसराच का घेऊ नये? आपले रान काळ्या पाषाणाचे आहे. या पाषाणात लोहचुंबकी खनिज असते, त्यामुळे बांधावरच्या साध्या धोंड्यावरही तो कुरकुरतो. शिवाय किंमत जबर. म्हणून माझे मत दुसऱ्या प्रकाराला. मात्र त्यात मातीचा परिणाम वजा करण्याची सोय, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, असलीच पाहिजे. दांडा दुमडून मोटारसायकलवर नेता यावा, चकती पाण्याने खराब होऊ नये आणि गावच्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर ते चालावे.

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक टेबलावर पाहू नये. मी एकदा असे पाहिले. फरशीवर ठेवलेले नाणे टणटण वाजले. त्याच यंत्राने ओल्या काळ्या रानात माझी करमणूक केली, काम केले नाही. आपण आपल्याच बांधात फूट-सव्वा फुटावर पट्टी पुरावी आणि विक्रेत्याला म्हणावे, "हुडका आता." सापडली तरच ऑर्डर द्यावी. आणि गटागटाला यंत्र नको. शेतकी ऑफिसात एक पुरे. नोंद करून सभासदांनी न्यावे.

यंत्र चालवतानाही सारे रान विंचरत बसू नये. उसाच्या रानात बैलाच्या पत्र्या, खिळे, तारा, कुळवाच्या फाशीचे तुकडे ठायी ठायी असतात, प्रत्येकावर ते ओरडेल. मोजणीच्या 'क' प्रतीवरून दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतर धरावे आणि जेथे अंतरे मिळतात त्याभोवती दोन मीटरच्या चौकोनात सावकाश फिरवावे. तारेच्या कुंपणापासून आणि मोटारीच्या केबलीपासून लांब राहावे. खिशातली किल्ली, मोबाइल काढून ठेवावा.

पण खरे काम यंत्राच्या आधीचे आहे. यापुढे कोणीही हद्द कायम मोजणी आणली, तर मोजणीदार दगड रोवील त्याच वेळी, लगतच्या कब्जेदारांसमक्ष, दगडाखाली लोखंड पुरून घ्यावे. हातभर लांबीचा जाड गज उभा आणि त्यावर वीतभर चौकोनी पट्टी आडवी. गज लोकेटरला सापडतो, पट्टी चकतीच्या यंत्राला. पट्टी नांगराच्या तासाखाली, पण दीड फुटाच्या आतच राहावी. चोपण रानात लोखंड लवकर गंजते, तेथे आणखी जाड घ्यावे. मोठ्या जुन्या स्पीकरचा लोहचुंबक सोबत टाकला तर फारच उत्तम. फूटभर खोलीवरचा तो चुंबक मोबाइलमधल्या होकायंत्राची सुईसुद्धा हलवतो. काय पुरले, किती खोल, हे पंचनाम्यात किंवा जबाबात लिहून घ्यावे. शिवाय आपल्याच हद्दीत, दगडापासून मोजून पाच फूट आत, साक्षीची एक पट्टी पुरावी. दगड गेला तरी साक्ष उरते.

काहीजण म्हणतील, आता भूमी अभिलेख खात्याकडे रोव्हर आले, उपग्रहावरून हद्द निघते, मग लोखंड कशाला? रोव्हर अचूक खरा. पण जुने नकाशे साखळीने केलेले. मूळ खूण जाग्यावर सापडली तर मोजणीदाराचे कामही सोपे होते आणि शेजाऱ्याचे तोंडही बंद होते.

दोन गोष्टींची ताकीद. यंत्र लोखंड दाखवते, हद्द दाखवत नाही. हद्द ठरवणे हे खात्याचे काम. सापडलेली खूण हलवू नये, स्वतः नवी रोवू नये. तो गुन्हा आहे. उलट महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४० प्रमाणे आपल्या जमिनीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी खातेदाराचीच आहे. दुसरे, यंत्र हाती आले की गुप्तधनाची हुक्की येते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तेव्हा रात्री कंदील घेऊन टेकडीवर जाण्यासाठी यंत्र मिळणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

एका दगडाखाली जाणारे लोखंड भंगाराच्या भावात मिळते. कोर्टाच्या एका तारखेला त्याहून जास्त खर्च होतो, आणि तारखा कितीही पडल्या तरी भावाभावांतले बोलणे परत सुरू होत नाही. तेव्हा संचालक मंडळाने एक यंत्र जरूर घ्यावे. पण ते येईपर्यंत थांबू नका. येत्या उन्हाळ्यात ज्यांची मोजणी आहे त्यांनी गज आणि पट्टी तयार ठेवावी, आणि दगड रोवताना शेजाऱ्याला बोलवायला विसरू नये.

— ऊस विकास अधिकारी