संमतीपत्रावर सही कुणाची?

"ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तेवढं संमतीपत्र लिहून द्या ना."

आमच्या गल्लीतल्या मंडळाची दोन पोरं दारात उभी. बाहेर पाऊस, आत गॅसवर कुकर. बचत गटाचे अर्ज, निराधार योजनेचे फॉर्म, रेशनकार्डावर नाव चढवायचे कागद हे सगळं गल्लीत मीच लिहून देते, त्यामुळे त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. म्हटलं, थांबा पाच मिनिटं. आणि उभ्या उभ्या लिहून दिलं. 'आम्ही आमच्या मुलास स्वखुशीने दहीहंडीच्या पथकात पाठवीत असून काही बरेवाईट झाल्यास त्यास मंडळ जबाबदार राहणार नाही. सर्व जबाबदारी पालकांची राहील.' खाली पालकाची सही. मंडळाने त्याच्या पन्नास झेरॉक्स काढल्या.

दोन वर्षं झाली या गोष्टीला. त्या पन्नासातल्या एका कागदावर आमच्या शेजारच्या वहिनींची सही होती. वहिनी फॉल-पिकोचं काम करतात, भाऊजी बाहेरगावी ड्रायव्हर. त्यांचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, अंगाने काटकुळा, म्हणून पथकात सगळ्यात वरचा. सगळ्यात वर एकटं उभं राहणाऱ्याला एक्का म्हणतात. महिनाभर पोरगं हवेत होतं. शाळेतल्या मुलांना सांगत फिरायचं, मी एक्का आहे म्हणून.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या चौकात हंडी. खडी मशीनवरून आणलेल्या क्रेनला टांगलेली, आजूबाजूला आमच्या दादांचे फ्लेक्स, समोर स्टेज, स्टेजवर सोफे. मीही त्यातल्याच एका सोफ्यावर होते. "ताई, महिला दिसल्या पाहिजेत स्टेजवर," असा निरोप आला होता आणि मी नवी साडी नेसून गेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते कुणी बाहेरच्या बाईने लिहिलेलं नाही.

दुसऱ्या प्रयत्नात चौथा थर लागला, वहिनींचा मुलगा वर चढला, आणि मधला एक जण घसरला. सगळा मनोरा बसला. पोरगं आधी कुणाच्या तरी खांद्यावर आपटलं आणि मग डांबरी रस्त्यावर. खाली गादी नव्हती. डोक्यावर हेल्मेट होतं, पण त्याचा पट्टा लावलेला नव्हता. कमरेचा दोर तर त्या दिवशी कुणी आणलाच नव्हता. माइकवरचा निवेदक ओरडत होता, "काही झालेलं नाही, काही झालेलं नाही, डीजे चालू ठेवा!"

उजव्या हाताचं कोपर मोडलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर नव्हते. जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं. ऑपरेशन, तारा, प्लास्टर धरून 48 हजार गेले. वहिनींची एक पाटली गेली. आज त्याचा हात पूर्ण सरळ होत नाही. बाकी काही नाही, देवाची कृपा, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

पण खरी गंमत, गंमत तरी कशी म्हणू, पुढेच आहे. गोविंदांचा विमा उतरवलेला होता. वहिनी आणि मी यादी बघायला गेलो तर यादीत या पोराचं नावच नाही! का? तर चौदाच्या आतल्या मुलाला वर चढवायचंच नाही असा नियम, मग त्याचं नाव यादीत कसं घालणार? कागदावर तो पथकातच नव्हता. म्हणजे बघा, खाली उभ्या असलेल्या दणकट पोरांची नावं विम्यात, आणि सगळ्यात उंचावर चढलेलं, पडलं तर सगळ्यात जास्त लागणारं लेकरू तेवढं कागदाबाहेर. नियम होता आणि नियमाची आठवणही सगळ्यांना होती. ती फक्त यादी करताना कामाला आली.

त्यानंतर जी बैठक झाली त्यात मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, पालकांची सही आहे आमच्याकडे. पोलीस म्हणाले, परवानगीत वयाची अट स्पष्ट घातलेली आहे. दादांची माणसं म्हणाली, दादांनी फक्त बक्षीस ठेवलं, बोलावलं कुणाला नाही. मग एका शहाण्याने वहिनींकडे वळून विचारलं, "तुम्ही पाठवलंच कशाला?" वहिनी एवढंच म्हणाल्या, "बेल्ट लावणार म्हणाले होते." आणि टेबलावर माझ्या अक्षरातला तो कागद पडलेला. मला मान वर करवेना.

दादा दुसऱ्या दिवशी घरी आले. 5 हजारांचं पाकीट दिलं, फोटो निघाला. माणूस वाईट नाही, आमच्या महिला मंडळाला तीन शिलाई मशिनं त्यांनीच दिलेली आहेत. म्हणूनच बोलणं जड जातं.

मैत्रिणींनो, हे फक्त आमच्या गावचं आहे असं समजू नका. दहीहंडीच्या नियमांची कथा एखाद्या मालिकेसारखी आहे. 2014 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हंडी 20 फुटांपेक्षा उंच नको आणि 18 वर्षांखालची मुलं नकोत. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, फक्त 12 वर्षांच्या आतली मुलं नकोत एवढं ठेवलं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पुन्हा 20 फूट आणि 18 वर्षं कायम केली. त्या वर्षी ठाण्यात एका पक्षाने 20 फुटांच्या दुपटीहून उंच हंडी उघड उघड बांधली, कायदा मोडतो म्हणून सांगून बांधली. दादरला काही पोरांनी शिडी लावून हंडी फोडली आणि निषेध केला. (ती शिडी मला आवडली होती, खरं सांगते. कुणाचं हाड न मोडता निषेध झाला.) 2017 मध्ये प्रकरण परत उच्च न्यायालयात आलं. 14 वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही असं सरकारने सांगितलं, ते न्यायालयाने मान्य केलं आणि उंचीचं बंधन घालायला नकार दिला. उंची ठरवणं हे सरकारचं, विधिमंडळाचं काम, असं त्याचं म्हणणं.

तीन वर्षांत 18, मग 12, मग पुन्हा 18, मग 14. इतक्या वेळा आकडा बदलल्यावर लोकांना वाटू लागतं की हा आकडा मोडण्यासाठीच असतो.

2022 मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदाचा मृत्यू झाला तर 10 लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तर साडेसात लाख, एक गेला तर 5 लाख. क्रीडा कोट्यातून नोकरीचीही घोषणा झाली. 2023 पासून प्रो गोविंदाची स्पर्धा सुरू झाली. 2025 मध्ये दीड लाख गोविंदांच्या विम्याची सोय सरकारने केली. मिळणाऱ्या मदतीला मी कशाला नावं ठेवू? वहिनींची पाटली गेलेली मी पाहिली आहे. पण पडल्यावर किती मिळणार याचं कोष्टक आधी तयार झालं, आणि पडायला कोण जबाबदार याचा रकाना मात्र आजही रिकामाच आहे.

त्याच 2025 च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सरावाच्या वेळी अकरा वर्षांचा मुलगा वरून पडून गेला. आमच्या पोराएवढाच. गुन्हा कुणावर नोंदवला? मंडळाच्या अध्यक्षावर. तो व्हायलाच हवा, पण मंडळाचा अध्यक्ष म्हणजे आमच्याकडे बहुतेक पंचविशीतला पोरगा, मोटारसायकलचा हप्ता फेडणारा. ज्याच्या फ्लेक्सखाली आणि ज्याच्या बक्षिसासाठी थर चढतात त्याचं नाव कुठल्या कागदावर येतच नाही. आमच्या एका वकील मैत्रिणीला मी संमतीपत्राचं विचारलं. ती म्हणाली, असा कागद निष्काळजीपणाच्या गुन्ह्यातून कुणाला सोडवत नाही. 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोनच वर्षं होती. म्हणजे मी लिहिलेल्या त्या ओळींचा कोर्टात काडीचा उपयोग नव्हता. उपयोग एकच झाला, एका आईचं तोंड बंद करायला.

कुणी म्हणेल, ताई परंपरेच्या विरोधात बोलताहेत. अहो, माझ्या माहेरी वाड्यात हंडी असायची. खिडक्यांतून आम्ही बायका-पोरी पाण्याच्या बादल्या ओतायचो. तीन थर, फार तर चार. हंडीत दही, लाह्या आणि सव्वा रुपया. थर वाढले ते परंपरेने नाही, थराला पैसे लागले म्हणून. हंडी न फोडता नुसती 'सलामी' दिली तरी अमुक थराला अमुक हजार! 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात 9 थर लावून गिनीज बुकात नाव नेलं, 43 फुटांच्या वर. 2025 मध्ये कोकण नगर पथकाने ठाण्यातच 10 थर लावले. मलाही टीव्हीवर बघताना अंगावर काटा आला. ती मोठी पथकं गुरुपौर्णिमेपासून सराव करतात, वजनं बघून माणसं उभी करतात, पडायचं कसं तेही शिकवतात. मुलींचीही पथकं आहेत आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण त्यांचं बघून आमच्या चौकात आठ दिवसांच्या सरावावर पाच थर लावायचे म्हणजे, सर्कस बघून आल्यावर घरी तारेवर चालण्यासारखं झालं.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. ज्या पोराला शाळेत कुणी विचारत नाही, त्याच्यासाठी चौक टाळ्या वाजवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्पेनमध्ये कातालोनिया नावाचा प्रांत आहे, तिथेही माणसांचे असेच मनोरे रचतात आणि अगदी वर लहान मूलच असतं. 2006 मध्ये तिथे बारा वर्षांची एक मुलगी पडून गेली. त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. खेळ बंद पडला नाही, उलट 2010 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्याकडे मनोऱ्याच्या पायाशी शेकडो माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात, वरून पडणारा त्यांच्या अंगावर पडतो. आमच्याकडे पायाशी डीजेची गाडी असते.

राजकारणात निवडणुकीच्या खर्चालाही हिशेब आहे. विधानसभेच्या उमेदवाराला 2022 पासून 40 लाखांची मर्यादा आहे, पै-पैचा तपशील द्यावा लागतो. दहीहंडीचा चौक हाही प्रचाराचाच चौक, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग बक्षीस लावणाऱ्याने परवानगीच्या अर्जावर आयोजक म्हणून सही का करू नये? गाद्या नाहीत, दोर नाही, अॅम्ब्युलन्स नाही तर माइक कुणी बंद करायचा, त्याचं नाव आधी ठरलेलं का नसावं? आपण घरात दहा माणसांचं जेवण करायचं तर पोळ्या कुणी लाटायच्या ते आधी ठरवतो. इथे पोरं आभाळात चढवताना काहीच ठरलेलं नसतं.

आपणही काही कमी नाही बरं का. "अमकीचा मुलगा एक्का आहे" हे आपल्यालाच मिरवायचं असतं. सरावाच्या जागी एकदा तरी जाऊन बघितलं का कुणी? मी नव्हते गेले. आधार कार्ड दाखवा म्हणणारी पहिली बाई मी व्हायला हवी होते, ते सोडून मी झेरॉक्सचा कागद लिहीत बसले.

यंदा गुरुपौर्णिमेच्या आधीच मंडळाची पोरं आली. "ताई, ते संमतीपत्र..." या वेळी मी बसून लिहिलं, सावकाश. मुलाची जन्मतारीख आणि आधारचा नंबर वर. चौदाच्या आतलं कुणी चढणार नाही. सरावालाही गाद्या. वरच्या दोघांना दोर, आणि दोर तपासणाऱ्याचं नाव. खाली पालकांची सही आहेच, तिच्या शेजारी मंडळाच्या अध्यक्षाची, आणि शेवटी एक ओळ, 'बक्षीस देणारे'. अध्यक्षाने निमूट सही केली, त्याच्या घरातही आता दीड वर्षाचं मूल आहे. वहिनींनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "हा तेव्हा लिहिला असतात तर." मी काही बोलले नाही.

शेवटच्या सहीसाठी कागद दादांच्या ऑफिसात देऊन बारा दिवस झाले. परवा फोन केला, तर त्यांचा माणूस म्हणाला, "दादा दौऱ्यावर आहेत. बघतो, ताई."

सराव सुरू झालाय. मी रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसते.