पाणवठ्याचा पत्ता

रालामंडलच्या टेकडीवरची होळकरांची शिकारगाह आपण इंदूरकरांनी पाहिलेलीच असते. ‘राजे इथे शिकारीला यायचे’ एवढं मुलांना सांगतो आणि डबा उघडतो. पण मंडळी, शिकारीत बंदूक सगळ्यात शेवटी यायची. आधी गावातला जाणता माणूस खुरांचे ठसे बघायचा, चितळ-सांबर कोणत्या पाणवठ्यावर कधी येतात ते हेरायचा. मग मचाण, मग हाका. खरी किंमत त्या पत्त्याची होती.

1972 च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली, 1989 मध्ये रालामंडल अभयारण्य झालं. माग काढणं मात्र चालूच आहे, आता झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. अमेरिकेत तसलाच कॅमेरा हरणाच्या शिकारीसाठी दुकानात मिळतो. यंत्र एकच, प्रश्न माहिती कोणाच्या हाती जाते याचा.

आणि आपण? हरीण दिसलं की फोटो, खाली लोकेशन, वर ‘रोज संध्याकाळी येतात हं!’ घरच्या ग्रुपवरून तो फोटो पुढे कुठे-कुठे जातो, कोण बघतं? चोरट्या शिकाऱ्याचं अर्धं काम आपणच फुकटात करून देतो. एवढ्याने काय होतंय, असं कोणी म्हणेल. पण पाणवठा एकच असेल तर हरणाला तिथे यावंच लागतं.

फोटो जरूर टाका, नातवंडांना दाखवा. जागा आणि वेळ तेवढी सांगू नका.