निवेदन : बंद खदानीचा काठ पावसाळ्याआधी बांधून मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय

विषय : गावालगतच्या बंद खुल्या कोळसा खदानीचा काठ सुरक्षित करणे व ती जागा झाडे, पाखरे आणि गावकऱ्यांसाठी नीट करून देणे.

संदर्भ : आमची यापूर्वीची 4 निवेदने, पोळ्याआधीच्या बैठकीतील आश्वासन.

महोदय,

वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात आमचे गाव आहे. शेवटचा डंपर निघून गेला त्याला 8 पावसाळे झाले. खड्डा पाण्याने भरला, मातीचे ढिगारे होते तिथेच राहिले. खाण बंद करताना काय काय करायचे असते हे आपल्या कार्यालयास ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही.

आधी काठाचे सांगतो. गावाकडचा काठ सरळ उभा तुटलेला आहे. पाय घसरला तर हाताला धरायला झाडाची मुळीसुद्धा लागत नाही. दोन वर्षांपूर्वी भरकटलेली वगार वळवायला गेलेला नववीतला मुलगा इथे बुडाला. पोहणारे चार जण काठावर उभे होते, पण खाली उतरायला वाटच नव्हती. म्हशींची दावी एकाला एक बांधून सोडली, ती पाण्यापर्यंत पोचली नाहीत.

त्याच आठवड्यात साहेब आले. महिनाभरात तारेचे कुंपण होईल, असे त्या मुलाच्या वडिलांसमोर बोलले. त्यानंतर 6 खांब आणि ‘धोका’ लिहिलेली एक पाटी आली. तार आजवर आली नाही. मागच्या पावसाळ्यात ती पाटी काठासकट खाली गेली. शाळेच्या वाटेपासून काठ पूर्वी 40 पावलांवर होता. होळीनंतर आम्ही स्वतः मोजला, 22 पावले भरली. मधल्या जमिनीला भेग पडली आहे, तिच्यात गुराख्याची अख्खी काठी जाते. पोळ्याआधीच्या बैठकीत हीच भेग फोटोसह दाखवली, तेव्हा ‘पावसाळा संपू द्या’ असे उत्तर मिळाले. पावसाळा संपला, दिवाळी झाली, होळीही झाली.

आता नुसते कुंपण पुरणार नाही. हा काठ पायऱ्या-पायऱ्यांनी छाटून त्याला उतार द्यावा. वरून येणारे पावसाचे पाणी भेगेत मुरते, ते चर खणून दूर वळवावे. कुंपण त्यामागे, भक्कम जमिनीवर घालावे. माणसांना व गुरांना पाण्यापर्यंत जायला डंपरच्या जुन्या रस्त्याच्या बाजूने एकच सोपी उतरण करावी. भरावाला माती नाही, हे कारण कृपया देऊ नये. मातीचे डोंगर शेजारीच उभे आहेत. पैशाचेही तेच. खाण बंद करण्यासाठीची रक्कम एस्क्रो खात्यात वेगळी ठेवावी लागते, ती याच कामासाठी असते.

समोरचा मातीचा कडा मात्र पाडू नये. तिकडे वाट नाही, आणि उन्हाळ्यात वेडे राघू त्यात बिळे करून पिले वाढवतात. पाण्याचा तो कोपरा हिवाळी बदकांसाठीही शांत ठेवावा.

ढिगाऱ्यांवर लावलेली सुबाभूळ निम्मी वाळली. वरची काळी माती वेगळी राखली असती तर ही वेळ आली नसती. आता वेडी बाभूळ माजली आहे, आणि तिच्या आडोशाला वाघ बसेल या धास्तीने बाया सरपणाला जात नाहीत. आधी गवत धरू द्यावे, मग मोह, पळस, बोर, कडुनिंब लावावेत. रोपे गावातच तयार करून देऊ.

छत्तीसगडात सुरजपूर जिल्ह्यातल्या केनापारा येथे अशाच बंद खाणीच्या तलावात आज नावा चालतात, मासे पाळले जातात. आमच्या गावाला तेवढा थाट नको. काठाने फिरायची वाट, सावलीला चार बाक आणि मुलांना खेळायला सपाट जागा, एवढे झाले तरी चालेल. ही वाटसुद्धा तीन वर्षांपूर्वी नकाशावर आखून दाखवली होती.

पाण्याची तपासणी करून अहवाल ग्रामपंचायतीत लावावा. पाणी ठीक निघाल्यास मासेमारी गावच्या ढिवर बांधवांना द्यावी.

पुढची बैठक कृपया कार्यालयात न घेता या काठावर घ्यावी, आणि मृग लागण्याआधी घ्यावी. शाळा उघडली की मुले त्याच वाटेने जाणार आहेत. त्याआधी काम सुरू न झाल्यास ती वाट आम्ही स्वतः बंद करून शाळेसह आपल्या दारी येऊ, याची नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ

सोबत : भेगेचे फोटो, यापूर्वीच्या 4 निवेदनांच्या पोचपावत्या.