विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा ग्राहक

१/
फसवणूक म्हटले की डोळ्यांसमोर खरेदीदार येतो. खोटे सोने, निकृष्ट बियाणे, कागदावरच असलेला प्लॉट ही त्याची उदाहरणे. विकणाराही फसतो, आणि तो बहुधा अडचणीत असताना फसतो, याकडे मात्र लक्ष कमी जाते. टाइमशेअर विकू पाहणाऱ्यांची आजची फसवणूक आणि सातपुड्यातील काठीच्या परिसराला लागू असलेला जमिनीचा कायदा या दोन दूरच्या गोष्टी याच ठिकाणी एकमेकींना भेटतात.

२/
टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या ठिकाणच्या खोलीवर दरवर्षी ठरावीक दिवसांचा हक्क. ही कल्पना १९६० च्या दशकात युरोपात रुजली आणि १९८० च्या दशकात भारतात आली. सदस्य सुरुवातीला मोठी रक्कम भरतो, पुढे दरवर्षी देखभाल शुल्क देतो. खोली वापरली नाही तरी शुल्क चुकत नाही. नवे सदस्यत्व विकायला कंपनीची यंत्रणा असते, जुन्याला मात्र सहसा ग्राहक मिळत नाही. सुटका हवी आहे पण वाट दिसत नाही, अशी ही स्थिती असते.

३/
नेमक्या या वेळी फोन येतो : 'तुमच्या सदस्यत्वाला ग्राहक तयार आहे.' सांगितलेली किंमत मूळ किमतीहूनही जास्त असते. मग नोंदणीचे शुल्क मागितले जाते, त्यानंतर कर, त्यानंतर ना-हरकत दाखला. प्रत्येक रक्कम मिळणाऱ्या किमतीपुढे किरकोळ वाटते आणि एकदा भरल्यावर मागे फिरणे जड जाते. शेवटी ग्राहक आणि दलाल दोघेही नाहीसे होतात. मेक्सिकोतील प्वेर्तो व्हायार्ता येथे हा उद्योग इतका फोफावला की २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने हालिस्को टोळीशी संबंधित कंपन्यांवर त्यासाठी निर्बंध घातले.

४/
महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील मुक्कामाच्या रात्री विकण्याच्या योजनांतून पैसा गोळा केला. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असा निष्कर्ष काढून सेबीने २०१६ मध्ये परताव्याचा आदेश दिला. प्रश्न ५० लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचा आणि सुमारे ७,०३५ कोटी रुपयांचा होता. अडकलेल्या माणसांभोवती सोडवणारे जमू लागतात, हे अशा प्रकरणांत वारंवार दिसते. जमिनीच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्या पीएसीएलच्या प्रकरणात न्यायमूर्ती लोढा समितीला, मागितल्याशिवाय मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हाती देऊ नका, असे गुंतवणूकदारांना बजावावे लागले.

५/
आता दीडशे वर्षे मागे जाऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा रोष मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता, कारण वाचता न येणाऱ्या कागदावरील अंगठ्याने जमिनी जात होत्या. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. केवळ रोख्यावर न थांबता मूळ व्यवहार कसा घडला याची चौकशी करण्याचे काम त्याने न्यायालयांवर सोपवले. सही खरी आहे एवढ्यावर व्यवहार खरा ठरत नाही, हे त्यामुळे कायद्याने मान्य केले.

६/
काठी हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव. पूर्वी खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एकाचे ठाणे, आज राजवाडी होळीमुळे परिचित. हा तालुका पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याच्या सपाट भागात, आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या आणि संशयास्पद कागदांच्या वाटेने बिगरआदिवासींकडे गेल्या होत्या. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीने हा प्रश्न राज्यापुढे आणला.

७/
१९७४ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत बदल झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देता येणार नाही, आणि विक्रीसाठी शासनाची पूर्वसंमतीही लागेल, असे ठरले. सोबतच्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची वाट खुली केली. येथे कायदा विकणाऱ्याला नुसते 'सावध राहा' म्हणत नाही. व्यवहार पुरा होण्याआधी तो एका दारातून न्यावा लागतो आणि तेथे खरेदीदाराला उभे राहावे लागते.

८/
या व्यवस्थेवर आक्षेप आहेत. तिने विकण्याचे स्वातंत्र्य आक्रसते आणि बेनामी व्यवहारांच्या पळवाटा उरतात. दोन्ही आक्षेप खरे आहेत. टाइमशेअरधारक आणि भूमिहीन होणारा आदिवासी यांचे दुःखही एका मापाचे नव्हे. तरीही त्यातले तत्त्व उचलण्याजोगे आहे : अडलेल्या विक्रेत्याचे रक्षण त्याच्या हुशारीवर सोपवू नये. सदस्यत्वाच्या हस्तांतराची नोंद रिसॉर्ट कंपनीकडेच होते, तेव्हा ते दार तिनेच उभारावे. हस्तांतराचे नियम आणि शुल्क तिने जाहीर करावे, आणि ग्राहक आणल्याचा दावा करणाऱ्या दलालाविषयी सदस्याने विचारल्यास लेखी उत्तर द्यावे. कायद्याने तिला हे बंधनकारक करावे.

९/
ते होईपर्यंत विक्रेत्याला आपले दार आपणच राखावे लागेल. विक्रीत पैसा खरेदीदाराकडून विक्रेत्याकडे येतो. तो उलटा वाहू लागला की ती विक्री नव्हे. दलाली मिळालेल्या किमतीतून वळती करता येते, त्यासाठी आगाऊ रक्कम लागत नाही. फोनवर दिलेल्या क्रमांकावर विसंबू नये. मूळ करारातील पत्त्यावर कंपनीला विचारावे : हस्तांतर होते का, शुल्क किती, सदस्यत्व परत घेता का? मूळ प्रमाणपत्र, ओटीपी आणि कुलमुखत्यारपत्र अनोळखी माणसाला देऊ नये. कंपनीवर सेबीची किंवा न्यायालयाची कारवाई चालू असेल, तर अधिकृत सूचनेत सांगितलेलाच मार्ग धरावा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार करावी.

१०/
लाजेपोटी गप्प बसणे हे मात्र सर्वांत महाग पडते, कारण एकदा फसलेल्याचे नाव पुढच्या ठकाच्या यादीत जाते. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जो प्रश्न विचारायला लावला, तो फोन येताच प्रत्येकाने विचारावा : हा व्यवहार सुरू कोणी केला, आणि आजवर पैसा कोणाकडून कोणाकडे गेला?