यमू, नोरा आणि 'कोयता'

सामाजिक परिवर्तनाचे प्रतिबिंब साहित्यात पडते, असे आपण नेहमी म्हणतो. हे विधान अपुरे आहे, असे माझे मत आहे. परिवर्तनाचा स्पर्श ज्या वर्गाला प्रथम होतो, त्या वर्गातील स्त्री कथा-कादंबरीत प्रथम येते. इतर स्त्रिया बऱ्याच उशिरा येतात.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. लेखक मात्र पुरुष आहे. 1933 च्या 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये सुशिक्षित स्त्रीचे मन स्त्रीनेच उलगडले. पण त्यासाठी लेखिकेला 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव घ्यावे लागले. पुढे याच लेखिकेने 'बळी' (1950) या कादंबरीत गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतील जीवन रेखाटले.

चिनी साहित्यातही असाच प्रवास दिसतो. डिंग लिंग यांनी 1928 मध्ये एका तरुणीचे अंतर्मन रोजनिशीच्या रूपाने मांडले. त्यापूर्वी, 1923 मध्ये, लू शुन यांनी एका भाषणात विचारले होते : इब्सेनची नोरा घर सोडते, पण त्यानंतर तिचे काय होते? हाती पैसा नसेल तर तिला अधःपतन पत्करावे लागेल किंवा घरी परतावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते.

हा प्रश्न आपल्या बीड जिल्ह्याला लावून पाहा. येथील ऊसतोड स्त्री दरवर्षी घर सोडते आणि कमावतेही. तरीही ती स्वतंत्र नाही. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीची, आणि त्या जोडीला म्हणतात 'कोयता'. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थांबावे. दोन माणसे एका अवजाराच्या नावात सामावतात आणि स्त्रीची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. 2019 मध्ये याच स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. म्हणून लू शुन यांच्या उत्तरात एक भर घालावीशी वाटते : कमाई असून भागत नाही, ती तिच्या नावावर हवी.

यमूप्रमाणे 'मी' म्हणून बोलणारी ऊसतोड स्त्री मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी अद्याप आलेली नाही, असे मला वाटते. तिच्याजवळ शब्द नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या स्त्रियांची ती वारस आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहींच्या घरातूनही कोयता जात असेल. नेमलेली कादंबरी वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा : यात कोण बोलते, कोणत्या बोलीत बोलते आणि तिच्या श्रमाचा हिशेब कोण ठेवते? उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा. आपल्या बोलीतील शब्द गाळू नका.