घोडा का अडला?

आपल्याकडे एक जुने कोडे आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. घोडा दारात बांधलेला असे आणि बसून राहिल्याने तो बिघडेल हीच भीती मोठी होती, त्या काळातले हे शहाणपण. आज नवी मुंबईतल्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या घरात हा प्रश्न पुन्हा आला आहे आणि त्याचे उत्तर मात्र उलटे झाले आहे. आजचा घोडा पुष्कळदा अडतो तो फार फिरवला म्हणून.

आमच्या घराण्याचा घोड्याशी संबंध लग्नाच्या वरातीपलीकडे कधी गेला नव्हता. पण माझी खारघरला राहणारी बारा वर्षांची नात गेली तीन वर्षे घोडेस्वारी शिकते आहे. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताने ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले हे सुवर्ण 41 वर्षांनी आले आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून तर नातीच्या खोलीत क्रिकेटपटूंऐवजी घोड्यांची चित्रे लागली आहेत.

तिचा प्रकार शो-जंपिंगचा. ठरलेल्या वेळात ओळीने आठ-दहा-बारा अडथळे ओलांडायचे. दांडी पडली की चार दोष, घोडा अडला तरी चार दोष. मुंबईत या हौशी स्वारीची परंपरा जुनी आहे. महालक्ष्मीच्या मैदानावरचा अमॅच्युअर रायडर्स क्लब 1942 सालचा. अलीकडे हौशी मुलांसाठी लीग पद्धतीच्या स्पर्धाही होतात. हंगामात अनेक स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेत क्रमांकाप्रमाणे गुण आणि शेवटी सगळ्या गुणांची बेरीज. पावसाळ्यात मैदान भिजलेले आणि मे महिन्यात अंगाची लाही, त्यामुळे बहुतेक स्पर्धा थंडीच्या चार महिन्यांत कोंबल्या जातात.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. मार्च महिना आला की शाखेत जे मोजले जाते तेच धावते आणि जे मोजले जात नाही ते मरते, हे मी जवळून पाहिले आहे. गुणतक्त्याचेही तसेच आहे. त्यात हजेरीला किंमत आहे, गैरहजेरीला शून्य. मग चांगला घोडेस्वार कोण, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न होतो : कोण किती रविवार आला?

आता यातली गोम पाहा. लीगमध्ये उतरणाऱ्या बहुतेक मुलांचा स्वतःचा घोडा नसतो. घोडा शाळेचा असतो आणि तो तीन-चार मुलांत वाटलेला असतो. माझ्या नातीच्या आईला विचारा, ती म्हणेल, ‘दोन दिवसांच्या स्पर्धेत रोज एकच फेरी. त्यात कसला ताण?’ मुलीच्या बाजूने हे खरेच आहे. पण तोच हिशेब घोड्याच्या बाजूने मांडा. तीन मुले, दोन दिवस, रोज एकेक फेरी, म्हणजे सहा फेऱ्या. फेरीला दहा अडथळे धरले तर साठ उड्या. प्रत्येक फेरीआधी सरावाच्या पाच उड्या, म्हणजे आणखी तीस. मुलांच्या खात्यावर वीस-वीस उड्या दिसतात आणि घोड्याच्या अंगावर नव्वद पडतात. या नव्वदांची नोंद कुठल्याच वहीत नसते, कारण घोड्याच्या नावाचे पासबुक कुणी काढलेलेच नसते.

शेतीत वारंगुळ्याची पद्धत होती. एकेक बैल असलेले दोन शेतकरी जोडी जमवून आळीपाळीने दोघांची शेते नांगरीत. पण दुसऱ्याच्या शेतात बैल चालत असताना पहिल्याचा डोळा बैलावर असे, कारण उद्या त्याच बैलावर त्याचे पोट होते. शाळेच्या घोड्याला असा डोळा असणारा कोण? प्रत्येक पालक आपल्या मुलाच्या फेरीपुरता मैदानावर असतो.

सामायिक घोड्याचा प्रश्न जगानेही पाहिला आहे. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पंचक्रीडा प्रकारात जर्मनीची अनिका श्लॉय आघाडीवर होती. त्या खेळात घोडा चिठ्ठी टाकून मिळे आणि ओळख करून घ्यायला मिनिटे वीस. तिच्या वाट्याला आलेला सेंट बॉय हा घोडा त्याच दिवशी आधीच्या स्वाराखाली अनेकदा अडला होता. तिच्याखालीही अडला. ती रडली, चाबूक झाला, प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला आणि सारे जगाने टीव्हीवर पाहिले. शेवटी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडाच काढून टाकण्याचा निर्णय झाला. घोडा ‘नाही’ म्हणाला होता. ऐकायला मात्र कुणी तयार नव्हते.

घोड्याचा पाय दिसतो तितका दणकट नसतो. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाडांना धरून असतात त्या दोरांसारख्या कंडरा. उडी मारून उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि त्या कंडरा ताणल्या जातात. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून दुखावल्या तर भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. त्यात घोडा ही मूळची शिकार होणारी जात, दुखणे लपवणे तिच्या रक्तातच आहे. म्हणून तो लंगडायची वाट पाहणे म्हणजे खाते बुडाल्यावर जामीनदार शोधणे.

माणसांच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच ठरले होते आणि तो तीनच खेळला. जो न्याय बुमराहच्या पाठीला, तोच घोड्याच्या पायांना का नको?

यावर शाळा चालवणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की चारा, नालबंदी, औषधपाणी यांचा खर्च एका मुलाच्या फीमधून निघत नाही. घोडा वाटला नाही तर हा खेळ फक्त श्रीमंतांचा उरेल. शिवाय स्पर्धेची सवय नसलेला घोडा गर्दीत बिथरतो, हेही खरे. म्हणून घोडा वाटूच नका असे मी म्हणणार नाही. वाटा, पण मोजून वाटा. माझे मत असे : एका घोड्याने दिवसात दोनच फेऱ्या कराव्यात, मग स्वार कितीही असोत. लागोपाठ दोन रविवार स्पर्धा नको. महिन्यात एक, फार तर दोन. स्पर्धेनंतर दोन दिवस नुसते चालवणे आणि वर्षातून एक अख्खा महिना उडी बंद. पशुवैद्य यापेक्षा कमी सांगेल तर त्याचे ऐकावे.

गेल्या हंगामात शेवटच्या स्पर्धेच्या आधी नात गुणतक्त्यात तिसरी होती. त्या पहाटे मोतद्दाराने घोड्याच्या पुढच्या डाव्या पायावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, पाय गरम लागतोय. आज नको.’ घोडा लंगडत नव्हता. सर म्हणाले, ‘निर्णय तुझा.’ ती पाच मिनिटे काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘काका, पाण्याचा पाइप कुठे आहे?’ आणि अर्धा तास त्या पायावर पाणी सोडत बसली. हंगाम संपला तेव्हा ती सहावी होती. दोन दिवस घरात जेवण नीट झाले नाही, तिचेही आणि आमचेही. तिसऱ्या दिवशी ती गाजरे घेऊन तबेल्यात गेली.

प्रत्येक वेळी असा जाणता हात आणि अशी मुलगी मिळेलच असे नाही. म्हणून नियम हवा. लीगच्या आयोजकांना फार काही करायचे नाही. निकालपत्रात स्वाराच्या नावापुढे घोड्याचे नाव असतेच. त्याच्यापुढे आणखी एक रकाना आखावा : या घोड्याच्या आजच्या फेऱ्या आणि हंगामातल्या एकूण फेऱ्या. आणि गुणांची बेरीज सगळ्या स्पर्धांची न धरता प्रत्येकाच्या उत्तम चार-पाच कामगिऱ्यांचीच धरावी, म्हणजे एखादा रविवार घोड्याला सुट्टी दिली तर मुलाचे काही बुडणार नाही. बँकेत आम्ही शिकलो होतो की ज्याची नोंद होते त्याचीच काळजी घेतली जाते. तो रकाना भरला जाऊ लागला, की पालक आधी तोच वाचतील.