गावाबाहेर म्हणजे कोठे?

शहराच्या एखाद्या भागात नवे शवदाहगृह बांधावयाचे महानगरपालिकेच्या मनात आले, की पुढचा क्रम ठरलेला असतो. प्रथम निवेदन येते, निवेदनामागून सह्यांची मोहीम, सह्यांमागून लोकप्रतिनिधी. आणि ज्या सभेत हा विषय मंजूर व्हावयाचा त्याच सभेत तो महिनाभर पुढे ढकलला जातो. अशा महिन्यांची पुढे वर्षे होतात. निवेदनाचा पहिला परिच्छेद तर आम्हांला आता पाठ झाला आहे. 'आमचा शवदाहगृहाला विरोध नाही' असे त्यात आरंभीच नमूद असते, आणि 'ते येथे मात्र नको' एवढेच सांगण्यासाठी पुढची तीन पाने खर्ची पडतात. येथे नको, तर कोठे? या प्रश्नाचे उत्तर अशा निवेदनांत आमच्या तरी वाचनात आलेले नाही. 'गावाबाहेर कोठे तरी' याला आम्ही उत्तर मानीत नाही.

कारण गावाबाहेर म्हणजे कोठे? पुण्याचे स्मशान एके काळी ओंकारेश्वरापाशी होते. पेठांची कड तेथे येई आणि मुठेचे पात्र लागे. 'ओंकारेश्वरावर नेले' एवढे म्हटले, की जुन्या पुणेकराला पुढचे काही विचारावे लागत नसे. मग वैकुंठ आले, तेही नदीकाठीच. आज त्या वैकुंठाच्या भोवती नवी पेठ आहे, आणि तेथून आठ-दहा किलोमीटर कोणत्याही दिशेस गेले तरी शहर संपत नाही. मुंबईत निराळे काय झाले? गिरगावच्या कडेला समुद्राच्या अंगास असलेले सोनापूर आज भर वस्तीत आहे. स्मशाने जागची हलली नाहीत. शहरे त्यांच्यापाशी चालत आली. आणि चालत आलेले शहर आता विचारीत आहे, की हे येथे काय करीत आहे!

सोनापूर हलविण्याचा घाट इंग्रज अमदानीतही घातला गेला होता. स्मशान वस्तीपासून दूर, शिवडीला न्यावे असा सरकारचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चालला होता आणि नाना शंकरशेट यांनी त्यास विरोध करून तो हाणून पाडला. नाना काही आरोग्याचे शत्रू नव्हते. शाळा, आगगाडी, रुग्णालय, मुंबईच्या ज्या ज्या सुधारणेचा शोध घ्यावा तेथे त्यांचे नाव आढळते. परंतु गिरगावातून खांद्यावर प्रेत घेऊन शिवडीपर्यंत चालत जाणे म्हणजे काय, याचा हिशेब सरकारी नकाशात नव्हता. आजच्या नकाशांतही तो नाही. ज्याच्या दारात दोन मोटारी उभ्या आहेत त्याला वीस किलोमीटर म्हणजे पाऊण तासाचे अंतर; ज्याच्या दारात एकही नाही त्याला ते शववाहिनीची वाट पाहण्याचे, भाड्याच्या टेंपोचे, मागून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या रिक्षांचे आणि बुडालेल्या मजुरीचे अंतर असते. मृत्यू मुहूर्त पाहून येत नाही. तो आषाढातल्या रात्रीही येतो. शवदाहगृह दूर न्या असे म्हणणाऱ्यांनी हा बोजा कोणाच्या खांद्यावर जातो, ते एकदा मोजून पाहावे.

एवढे म्हटल्यावर धुराविषयी मौन बाळगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एका चितेला तीनशे ते पाचशे किलो लाकूड लागते. पावसाळ्यात ते ओले असते. मग त्यावर रॉकेल किंवा डिझेल ओतले जाते, आणि प्रेताबरोबर आलेली गादी, उशी, प्लॅस्टिकचे आवरण हेही कधी कधी त्याच आगीत जाते. शेजारच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या धुण्यावर काजळी बसते. ज्या घरात दम्याचा रोगी किंवा तान्हे मूल आहे तेथे खिडक्या भर उन्हाळ्यात बंद ठेवाव्या लागतात. वैकुंठाच्या धुराचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले, ते कोणाची हौस म्हणून नव्हे. अशा रहिवाशांना 'तुम्हालाही एक दिवस येथेच यायचे आहे' असे छद्मी उत्तर देणारे आम्हांला ठाऊक आहेत. ते उत्तर नव्हे, ती क्रूर थट्टा आहे. ज्यांना स्मशान नुसते दृष्टीस पडले तरी विटाळ होतो त्यांच्याशी मात्र आम्हांला वाद घालावयाचा नाही. शास्त्रानेसुद्धा सुतक भाऊबंदांना सांगितले आहे, खिडकीतून पाहणाऱ्याला नव्हे. सदनिकेचा भाव उतरेल म्हणून जे कासावीस होतात त्यांचा युक्तिवादही आम्ही बाजूला ठेवतो. पण काजळी ही श्रद्धेची बाब नाही आणि अंधश्रद्धेचीही नाही. ती मोजता येते. जे मोजता येते त्याचा बंदोबस्तही करता येतो.

धूर मरणातून निघत नाही, अर्धवट ज्वलनातून निघतो. हा भेद ध्यानी घेतला तर निम्मा वाद मिटतो. उघड्यावरील चितेला पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता एकाच वेळी मिळत नाही. विद्युत किंवा वायूवर चालणाऱ्या चांगल्या दाहिनीत दोन कक्ष असतात: पहिल्यात दहन होते, आणि त्यातून निघालेला वायू दुसऱ्या कक्षात साडेआठशे अंशांच्या आसपास पुन्हा जाळला जातो. तो तेथे दोन सेकंद राहिला, की धुराचा काळेपणा आणि दुर्गंध पुष्कळसा नाहीसा होतो. मग पाण्याच्या फवाऱ्याने राख धरावयाची आणि उरलेले उंच चिमणीतून सोडावयाचे. लाकडाच्या चितेवरही झाकण बसवून, धूर शोषून घेऊन तो धुण्याची व्यवस्था करता येते. हे काही गूढ शास्त्र नव्हे. मात्र त्यासाठी दाहिनी चालू असावी लागते! दुसऱ्या कक्षाचा बर्नर बंद, फवाऱ्याला पाणी नाही, दुरुस्तीचा ठेका संपलेला आणि नव्याची निविदा निघावयाची, अशा स्थितीत महागातली दाहिनीसुद्धा चुलीसारखीच धुमसते. म्हणजे रहिवाशांचे खरे भांडण दाहिनीच्या निगेशी आहे आणि ते भांडतात मात्र दाहिनीच्या जागेशी. रेडा आजारी आणि औषध पखालीला!

अंतराचा नियम करून प्रश्न सुटतो असे ज्यांना वाटते त्यांनी इंग्लंडचा अनुभव पाहावा. तेथे आधुनिक दाहगृहातील पहिले दहन १८८५ साली वोकिंग येथे झाले, आणि १९०२ च्या कायद्याने असे ठरविले, की कोणत्याही राहत्या घरापासून दोनशे यार्डांच्या आत दाहगृह बांधता येणार नाही. बांधावयाचे तर घराचा मालक, पट्टेदार आणि रहिवासी यांची लेखी संमती हवी. दोनशे यार्ड म्हणजे आपले सुमारे १८३ मीटर. इंग्लंडात दहनाची चाल तेव्हा नवी होती, लोकांच्या मनात धास्ती होती; त्या धास्तीला दिलेली ती मुदत होती असेच म्हणावे लागते. परंतु त्या कायद्यातील एक गोष्ट आमच्याकडील नियमकर्त्यांनी नीट वाचावी. त्याचे शब्द दाहगृह बांधणाराला बांधतात, घर बांधणाराला नव्हे. दाहगृह घराजवळ येऊ शकत नाही. घर मात्र खुशाल दाहगृहाजवळ येऊ शकते.

आमच्या शहरांत नेमके हेच घडत आहे, आणि तेही कसलाही कायदा न करता. समजा, एखाद्या दाहिनीची चिमणी तीस मीटर उंच आहे. तीस मीटर म्हणजे दहा मजले. जोवर आजूबाजूस दुमजली बंगले होते तोवर धूर सर्वांच्या डोक्यावरून जात होता. आता त्याच चिमणीच्या शेजारी वीस-बावीस मजल्यांची इमारत उभी राहते. तिच्या अकराव्या मजल्याच्या सज्जासमोर चिमणीचे तोंड येते. आणि त्या सज्जात उभा राहून नवा रहिवासी तक्रारीचा पहिला अर्ज लिहितो. त्या रहिवाशाला आम्ही दोष देत नाही. त्याने आयुष्याची पुंजी घातली आहे. दोष त्याला घर विकणाराचा आहे, ज्याने माहितीपत्रकात नदीचे दर्शन छापले आणि नदीच्या अलीकडे काय आहे ते छापले नाही. आणि त्याहून मोठा दोष, ज्याने त्या इमारतीचा नकाशा चिमणीची उंची न पाहता मंजूर केला त्याचा आहे. इमारतीची उंची, समासातील अंतरे, जिन्याची रुंदी हे सारे फूटपट्टीने मोजणारे नियम आम्हांपाशी आहेत. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली आली, ती चांगली जाडजूड आहे. नियमांची उणीव नाही. नियम लावताना शेजारी काय उभे आहे ते पाहण्याची उणीव आहे.

विरोधाला शासनाने मान तुकविली, की काय होते याचे उदाहरण फार लांबचे नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई येथे एकाच चितेवर आठ मृतदेहांचे दहन करण्यात आले. गावच्या नेहमीच्या स्मशानभूमीत अशा मृतांवर अंत्यसंस्कार करण्यास स्थानिकांचा विरोध होता, म्हणून गावापासून दूर तात्पुरती जागा पाहावी लागली आणि ती अपुरी पडली, असे तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. आठ कुटुंबांतील माणसांची एक राख! ती कोणी कशी वाटून घ्यावयाची? 'येथे नको' या दोन शब्दांचे टोक कोठवर जाते ते त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत वांद्रे येथील काही रहिवाशांनी जवळच्या दफनभूमींत करोनाने मेलेल्यांना पुरू नये म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयाने मे २०२० मध्ये ती मागणी फेटाळली. मृतदेहापासून वस्तीत रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने निरोप मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असे त्या निकालाचे सार आहे. वांद्र्याचे लोक निदान न्यायालयात तरी गेले. आंबेजोगाईतल्या मृतांच्या वतीने कोण जाणार होते?

जागा देणे हे महानगरपालिकेचे ऐच्छिक काम नाही. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने मृतांच्या अंत्यविधीच्या जागांचे नियमन आणि नव्या जागांची तरतूद ही तिच्या आवश्यक कर्तव्यांत घातली आहे. पाणी आणि दिवाबत्ती ज्या रांगेत, त्याच रांगेत. आणि जागा आधी राखून ठेवावयाची रीतही १९६६ च्या नगररचना अधिनियमाने घालून दिली आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावयाचा, हरकती ऐकावयाच्या, मग आरक्षण कायम करावयाचे. रीत उत्तम आहे. परंतु आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालकाने नोटीस देऊन ते आरक्षण रद्द करवून घेण्याची वाटही त्याच कायद्यात आहे. शाळेचे किंवा बागेचे आरक्षण उठू लागले तर निदान आरडाओरडा होतो. स्मशानाचे आरक्षण उठले तर आळीत पेढे वाटले जातात. पुण्याचा १९८७ चा आराखडा. त्यानंतरचा मंजूर झाला तो २०१७ साली. मधल्या तीस वर्षांत शहर थांबून राहिले होते काय?

म्हणूनच आम्हांला काळजी वाटते ती नव्याने शहरात आलेल्या गावांची. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली. या गावांत ओढ्याकाठी पत्र्याची शेड आणि दोन लोखंडी सांगाडे एवढेच स्मशान असावे, आणि त्याच्या कुंपणाला लागून उंच इमारतींचे संकुल उठावे, हे दृश्य आता नवीन राहिलेले नाही. शिवाय महाराष्ट्रातल्या अनेक गावांत स्मशानेही जातवार आहेत: एकाची पाणंदीने, एकाची ओढ्यापलीकडे, आणि कोणाची मुळीच नाही. गाव शहर झाले म्हणजे ही विभागणी आपोआप संपते, या भ्रमात कोणी राहू नये. महानगरपालिकेने बांधलेल्या दाहिनीत जात विचारली जात नाही. एवढ्या एका कारणासाठी देखील ती लवकर आणि वस्तीच्या जवळ बांधली गेली पाहिजे. दूरची दाहिनी सोयीची नसली, की माणसे पुन्हा आपापल्या ओढ्याकडे वळतात.

आमची मागणी स्पष्ट आहे. या गावांसाठी जो कोणता आराखडा होईल त्यात दर काही प्रभागांमागे शवदाहगृहाची जागा आधी दाखवावी आणि निवासी नकाशे त्यानंतर मंजूर करावेत. अंतर ठेवावयाचे ते दोन्ही बाजूंनी ठेवावे: शवदाहगृहाने आपल्या हद्दीत झाडांचा पट्टा राखावा, आणि शेजारी उंच इमारत बांधणाराने तितकाच समास स्वतःच्या जमिनीत सोडावा. परवान्यावर आणि खरेदीखतावर शेजारच्या स्मशानाचा उल्लेख असावा. नदीचे दर्शन छापतात त्याच टायपात. वस्तीतील उघड्या चिता क्रमाने झाकणाखाली आणाव्यात. ज्यांना लाकडावरच दहन हवे त्यांची भावना त्याने दुखावत नाही, शेजाऱ्याची खिडकी मात्र उघडते. आणि प्रत्येक दाहिनीच्या चिमणीतून काय बाहेर पडते याची मोजणी दरमहा करून ती फाटकावर फलकावर लावावी. ज्या महिन्यात मोजणी लागणार नाही त्या महिन्यात रहिवाशांनी अवश्य मोर्चा काढावा; त्याची बातमी आम्ही पहिल्या पानावर छापू. शवदाहगृह हलवा म्हणून निघालेल्या मोर्च्याने मात्र नवी जागा कोणत्या गावच्या कोणत्या ओढ्याकाठी हवी, आणि तेथल्या लोकांना विचारले आहे काय, हे निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून आणावे.